साच्यातलं की हातचं? तपशिलाच्या फोटोवरून रेल्वे स्टेशन कसं ओळखावं

कुणीतरी एक फोटो पाठवतं. फोटोत पाटी नाही, गाडी नाही, माणसंही नाहीत. बिडाच्या खांबाचा माथा, त्यातून फुटलेली लोखंडी वेल आणि वर लाकडी झालरीचा हातभर तुकडा. सोबत एवढंच विचारलेलं असतं, ‘हे कुठलं स्टेशन?’ नवखा माणूस लगेच आठवायला लागतो, हे आपण कुठे पाहिलंय? आठवण बहुतेक वेळा त्याला नावाजलेल्या स्टेशनांकडे ओढून नेते आणि उत्तर चुकतं.

या कामात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला प्रश्न आधीच सांगून टाकतो. समोरचा तपशील साच्यातला आहे की हातचा?

रेल्वे कंपनीनं एकदा लाकडी नमुना करून घेतला आणि त्यावरून ओतशाळेत शेकड्यांनी नग ओतवून घेतले, की तो तपशील साच्यातला. खांब, ब्रॅकेट, बाकांचे पाय, कठड्यांच्या जाळ्या बहुतेक याच जातीच्या. त्या एका इमारतीसाठी कुणीतरी बसून कोरलेला, रंगवलेला, भाजलेला, तो हातचा. साच्यातला तपशील तुम्हाला कंपनी, मार्ग आणि काळ यांपर्यंत पोचवतो. स्टेशनाचं नाव सांगतो तो हातचा तपशील. ही वाटणी न करता शोधायला बसलात, तर जी वस्तू दोनशे ठिकाणी आहे तिच्यावरून एक ठिकाण ठरवण्याच्या नादात दिवस जाईल.

१. नाव मनात आणू नका, दिसतं ते लिहा

फोटो मोठा करून कोपऱ्याकोपऱ्यानं बघा आणि जे दिसतं ते कागदावर साध्या शब्दांत उतरवा. ‘गॉथिक वाटतंय’ असं नको. ‘कमानीचं टोक निमुळतं, कमानीत एकाआड एक लाल आणि पांढरे दगड, खांबाचा माथा आठपाकळी, झालरीच्या प्रत्येक फळीला एक गोल भोक आणि खाली भाल्याचं टोक’ असं लिहा. शैलीचं नाव घेतलं की डोळे बघायचं थांबवतात, हा माझा अनुभव आहे. शिवाय पुढे शब्द घालून शोधताना हीच टिपणं कामाला येतात.

याच वेळी आणखी एक तपासणी उरका. फोटो उलटा तर छापलेला नाही ना? जुन्या काचेच्या निगेटिव्हची बाजू चुकली की छापलेल्या फोटोत डावं-उजवं बदलतं. अक्षरं, घड्याळाचे आकडे, कोटाची बटणं, काहीही मिळालं तर त्यावरून खात्री करा. काहीच नसेल तर फोटोची आरशातली प्रतही जवळ ठेवा आणि दोन्ही ताडून बघा.

२. तपशिलांची वाटणी

आता टिपणातल्या प्रत्येक ओळीसमोर ‘साचा’ किंवा ‘हात’ लिहा. सुरुवातीला चुकेल, पण दोन खुणा मदतीला येतात. बिडाच्या कामात नक्षी सगळीकडे तंतोतंत सारखी असते आणि दोन अर्धे जुळवल्याची बारीक शीव बहुतेक वेळा कडेनं दिसते. दगडात तेच पान दुसऱ्या खांबावर थोडं वेगळं वळलेलं असतं.

हलवता येतात अशा वस्तूंवर सगळ्यात कमी विश्वास ठेवा. इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या बाकांच्या लोखंडी पायांत ‘जी.डब्ल्यू.आर.’ ही अक्षरं गुंफलेली असत. असं बाक दिसलं म्हणजे ते त्या कंपनीचं, इतकंच. स्टेशन बंद पडल्यावर बाकं विकली जातात, संग्रहालयांत आणि बागांत जातात.

साच्यातल्या कामातून किती पुढे जाता येतं, याचं मला फार आवडतं उदाहरण म्हणजे उत्तर इंग्लंडचा सेटल ते कार्लाइल मार्ग. मिडलंड रेल्वेनं १८७६ मध्ये तो प्रवाशांसाठी खुला केला. त्यावरच्या बहुतेक स्टेशनांच्या इमारती एकाच नकाशावरून बांधल्या, लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन मापांत. तेच उतरतं छप्पर, त्याच कोरीव फळ्या. फक्त आकार बघून सांगायला गेलात तर दहापैकी नऊ वेळा चुकाल. पण दगड जवळपासचा वापरला होता. दक्षिणेकडे करडा, खरबरीत वालुकाश्म आणि उत्तरेला ईडन नदीच्या खोऱ्यात उतरलं की लाल वालुकाश्म. ॲपलबीला तर विटाच. म्हणजे नकाशानं मार्ग सांगितला, दगडानं मार्गाचा तुकडा सांगितला आणि मापानं उरलेल्या नावांतली निम्मी गाळली. ‘साचा’ लिहिलेल्या ओळी खोडून टाकू नका, त्यांचा असा उपयोग होतो.

३. मान वर करा

छप्पर फोटोत असेल तर आधी त्याच्याकडे वळा. पाटी, रंग, फरशी बदलतात. फलाटांवरचं मोठं छप्पर सहसा बदलत नाही. गाळे, म्हणजे एकेका कमानीखालची सलग जागा, किती आहेत ते मोजा. मधे खांब आहेत का? कमान अर्धगोल आहे, चपटी आहे, की माथ्यावर टोक काढलेली? छप्पर सरळ जातं की रुळांबरोबर वळतं?

लंडनमधलीच स्टेशनं शेजारी शेजारी ठेवून बघा. सेंट पँक्रसचं १८६८ चं छप्पर विल्यम बार्लोचं. एकच गाळा, सुमारे ७३ मीटर रुंद, मधे एकही खांब नाही आणि माथ्यावर किंचित टोक. ते टोक एकदा नीट पाहिलंत की पुन्हा चुकणार नाही. त्याच्या शेजारच्या किंग्ज क्रॉसला (१८५२) दोन अर्धगोल गाळे आहेत आणि बाहेरच्या विटांच्या दर्शनी भिंतीतही तशाच दोन प्रचंड कमानी, मधे घड्याळाचा मनोरा. आतलं छप्पर बाहेरच्या भिंतीवर जसंच्या तसं उमटलेलं आहे. ब्रुनेलच्या पॅडिंग्टनला (१८५४) मूळचे तीन गाळे, त्यांना आडवे छेदणारे दोन मार्ग आणि १९१६ मध्ये जोडलेला चौथा गाळा. वळणारं छप्पर दिसलं तर यादी आणखी लहान होते: न्यूकॅसल (१८५०) आणि यॉर्क (१८७७) आधी तपासा.

छपराच्या कमानीवर किंवा खांबाच्या पायथ्याशी अक्षरं दिसली की नवखा माणूस हरखतो. थोडं थांबा. ते बहुतेक वेळा कारखान्याचं नाव असतं. सेंट पँक्रसच्या लोखंडी कमानींवर डर्बीशायरच्या बटर्ली कंपनीचं नाव आणि १८६७ हे साल आहे. त्यावरून स्टेशन डर्बीशायरमध्ये शोधायला निघालात तर चुकीच्या परगण्यात फिराल. पॅरिसच्या गार द्यु नोरचे बिडाचे मोठे खांब ग्लासगोत ओतले होते, म्हणजे तिथे देशसुद्धा चुकेल. कारखान्याचं नाव काळ ठरवायला वापरा, ठिकाण ठरवायला नको.

४. कोरीव काम

हातच्या कामाचं खरं घर हे. इथे घाई करू नका.

समजा फोटोत फक्त ओकची पानं आणि त्यांच्यामधे एकोर्न, म्हणजे ओकचं टोपीवालं फळ, एवढंच आहे. ओकची पानं युरोपभर दगडांत कोरलेली सापडतात, त्यामुळे एका जागी दिसली तर काहीच ठरत नाही. पण तीच जोडी दिव्यांवर, दारांवरच्या नक्षीत, कमानीच्या कडेला, पुन्हा घड्याळाच्या माथ्यावर अशी सगळीकडे भेटली, तर ती कुणाची तरी मुद्दाम उमटवलेली खूण आहे. न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल टर्मिनल (१९१३) असं आहे. ते उभारणाऱ्या व्हँडरबिल्ट घराण्यानं ओकची पानं आणि एकोर्न आपलं चिन्ह म्हणून घेतलं होतं. माहितीच्या खिडकीवर चार तोंडांचं घड्याळ आहे, त्याच्या टोकावरसुद्धा एकोर्नच बसवलंय. म्हणून चिन्ह सापडलं की लगेच विचारा, हे फोटोत आणखी कुठे आहे का?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर याच्या उलट रीत आहे. तिथे एकच खूण परत परत येत नाही, नाना तऱ्हेचं काम येतं. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि कोरीव कामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. मोर, माकडं, पानंफुलं असं शेजारचं जग दगडात आलंय. प्रवेशदाराच्या खांबांवर एका बाजूला सिंह, एका बाजूला वाघ. सिंह युरोपातल्या कित्येक दारांवर बसलेला दिसेल. सिंहासमोर वाघ बसलेला दिसला की शोध इथे आणून थांबवा आणि पुढची खात्री करून घ्या.

हेलसिंकीचं काम सोपं आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे दोन दोन धिप्पाड पुरुष, प्रत्येकाच्या हातात गोल दिवा. एलिएल सारिनेनचं हे स्टेशन १९१९ मध्ये खुलं झालं. हातांचा आणि दिव्याचा तुकडा मिळाला तरी पुरे.

भिंतीवर कोरलेल्या गावांच्या नावांपासून मात्र सावध राहा. ती बहुधा गाड्या जिथे जात त्या गावांची असतात, स्टेशन असलेल्या गावाचं नाव त्यात शोधू नका. पॅरिसच्या गार दोर्सेवर, म्हणजे आजच्या ओर्से संग्रहालयावर, बोर्दो, तुलूझ आणि नांत या शहरांच्या मूर्ती आहेत. ही तिन्ही पॅरिसपासून फार लांब. लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स स्टेशनाच्या १८८६ च्या दर्शनी भिंतीतले दगड आता आतल्या दालनात लावले आहेत आणि त्यांवर जवळपासच्या इंग्रजी गावांबरोबर बाडेन-बाडेन आणि सेंट पीटर्सबर्गही कोरलेलं आहे. फोटोत नेमका सेंट पीटर्सबर्गचाच दगड आला असेल, तर बघणारा रशियात जाऊन पोचतो.

५. टाइल्स

भुयारी स्टेशनांत बाहेरची बाजूच नसते, मग टाइल्स हाच चेहरा. लंडनमध्ये लेस्ली ग्रीननं १९०६ आणि १९०७ मध्ये खुल्या झालेल्या तीन भुयारी मार्गांची स्टेशनं आखली. रस्त्यावरच्या सगळ्या इमारती एका वळणाच्या: गडद रक्तवर्णी चकचकीत टेराकोटा आणि पहिल्या मजल्यावर मोठ्या अर्धगोल खिडक्या. हा झाला साचा. पण खाली फलाटावर त्यानं प्रत्येक स्टेशनाला टाइल्सची वेगळी नक्षी आणि वेगळी रंगजोडी दिली. म्हणजे वरून ‘ग्रीनचं स्टेशन’ एवढंच कळतं आणि खालच्या दोन-चार टाइल्सचा क्रम नाव सांगून जातो. या फोटोंत रंगापेक्षा क्रम टिपा, कारण दिव्याच्या उजेडात हिरवा काळा दिसतो आणि तपकिरी लाल. पट्ट्यांची रुंदी टाइल्सच्या हिशेबात मोजा: दोन पांढऱ्या, अर्धी हिरवी, पुन्हा दोन पांढऱ्या, अशी.

न्यूयॉर्कच्या सबवेत १९०४-०५ च्या स्टेशनांवर भिंतीत भाजलेल्या मातीची चित्रं बसवलेली आहेत आणि प्रत्येक चित्राला जागेचं कारण आहे. ॲस्टर प्लेसला बीव्हर हा प्राणी, कारण ॲस्टर घराण्याची संपत्ती फरच्या व्यापारातली. फुल्टन स्ट्रीटला रॉबर्ट फुल्टनची आगबोट. कोलंबस सर्कलला शिडाचं जहाज. चित्र ओळखता आलं नाही तर उलटीकडून चला: इथे असं चित्र का लावलं असेल, कुणाचं नाव, कुठला धंदा?

६. घड्याळ

घड्याळाला मी कमी महत्त्व देतो. त्यांची ये-जा फार. लाल सेकंदकाट्याच्या टोकाला लाल तबकडी असलेलं पांढरं घड्याळ दिसलं तर ते हान्स हिल्फिकरनं १९४४ मध्ये घडवलेल्या स्विस घड्याळाच्या कुळातलं. लाल काटा नंतर, १९५० च्या दशकात आला. ते स्वित्झर्लंडभर आहे आणि बाहेरही गेलंय, त्यामुळे स्टेशन कळत नाही.

एक अपवाद सांगायलाच हवा. आम्स्टरडॅमच्या मुख्य स्टेशनाला दोन मनोरे आहेत आणि दोन्हींवर घड्याळासारखी गोल सोनेरी तबकडी. त्यातली एकच घड्याळ आहे. दुसरी वारा कुठून वाहतोय ते दाखवते; तिच्यावर आकड्यांच्या जागी दिशांची अक्षरं आहेत. तेवढ्याच तबकडीचा धूसर फोटो माझ्याकडे आला, तेव्हा मी तिला एक काटा गळालेलं घड्याळ समजलो आणि पडझड झालेल्या, बंद पडलेल्या स्टेशनांच्या यादीत दोन संध्याकाळी घालवल्या. अक्षरं मोठी करून वाचली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. या इमारतीचा वास्तुकार पिएर क्यूपर्स. त्याच शहरातलं राइक्स संग्रहालयही त्याचंच. लाल विटा, मनोरे, उतरती छपरं दोन्हींची सारखी. दूरचा फोटो असेल तर आधी ही दोन वेगळी करा.

७. हमखास चकवणाऱ्या जागा

हिरव्या लोखंडाचे देठासारखे वाकलेले खांब आणि त्यांच्या टोकाला कळीसारखे लाल-नारिंगी दिवे दिसले की सगळे ‘पॅरिस’ म्हणतात. हेक्तोर गिमारनं १९०० पासून पॅरिसच्या मेट्रोसाठी केलेली ही प्रवेशद्वारं साच्यातली आहेत आणि साच्यातली वस्तू प्रवास करते. माँट्रियल, लिस्बन, शिकागो, मेक्सिको शहर आणि मॉस्कोलाही अशी दारं उभी आहेत. अशा फोटोत दाराकडे नका बघू. मागची भिंत, पायरीचा दगड, रस्त्याचा दिवा बघा.

घुमट्या, छत्र्या, नालाच्या आकाराच्या कमानी आणि पांढरा रंग पाहून भारत नक्की करू नका. क्वालालंपूरचं १९१० चं जुनं स्टेशन नेमकं असंच आहे. आर्थर हबॅक या वास्तुकारानं भारतातल्या इमारतींची भाषा मलायात नेऊन बोलायला लावली.

लायप्झिगच्या मुख्य स्टेशनाला (१९१५) दोन प्रवेशदालनं आहेत, एकमेकांची जुळी. अर्धं स्टेशन प्रशियाच्या रेल्वेचं, अर्धं सॅक्सनीच्या, म्हणून दोघांना दोन. तिथल्या फोटोवरून स्टेशन ओळखलं तरी दालन कुठलं हा प्रश्न उरतोच.

आणि एकाच वास्तुकाराच्या दोन इमारती. चर्चगेटसमोरचं पश्चिम रेल्वेचं मुख्यालय (१८९९) स्टीव्हन्सचंच. घुमट, कमानी, कोरीव काम बघून त्याला सरळ सीएसएमटी म्हटलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. दगड बघा: तिथे निळसर काळा बेसॉल्ट आणि त्यात पांढऱ्या दगडाच्या रेघा. शिवाय ती कचेरीची इमारत आहे, फलाट तिच्या पोटात नाहीत.

८. काळ ठरवा, कारण इमारतीही बदलतात

फोटो आणि आजची इमारत जुळत नाही म्हणून उत्तर सोडून देऊ नका. टोकियो स्टेशन १९१४ चं, किंगो तात्सुनोचं. लाल विटा, पांढऱ्या दगडाचे पट्टे, तीन मजले, दोन टोकांना गोल घुमट. १९४५ च्या हवाई हल्ल्यात वरचा भाग जळाला. युद्धानंतर दुरुस्ती झाली ती दोनच मजल्यांची आणि घुमटांच्या जागी सरळ उताराची कोनदार छपरं आली. गोल घुमट परतले २०१२ मध्ये. म्हणजे कोनदार छपराचा फोटो मधल्या साठ-पासष्ट वर्षांतला. गोल घुमटाचा एकतर १९४५ आधीचा, नाहीतर २०१२ नंतरचा, आणि ते मग फोटोच्या कागदावरून, वाहनांवरून कळतं.

लेस्ली ग्रीनच्या इमारतींचं उलट. त्यानं छपरं सपाट आणि सांगाडा पोलादी ठेवला, पुढे वर मजले चढवता यावेत म्हणून. त्यामुळे लाल टेराकोटावर भलतीच इमारत बसलेली दिसली तर गोंधळू नका.

९. नाव सुचलं, आता ते पाडून बघा

फोटोवरून शोधणारी साधनं इथे वापरा, आधी नको. पूर्ण दर्शनी भाग असेल तर ती चटकन उत्तर देतात. ब्रॅकेटच्या तुकड्याला मात्र हजार सारखे फोटो आणून समोर टाकतात. तुमच्या टिपणातले शब्द त्या देशाच्या भाषेत घालून शोधलंत तर जास्त हाती लागतं. मग रस्त्यावरून दिसणारी चित्रं आणि जुने नकाशे.

एक पूर्ण उदाहरण. फोटोत जमिनीवरची मोझेइक: बारीक चौकोनी टाइल्सचं वाफेचं इंजिन, कडेला भौमितिक पट्टी, एका कोपऱ्यात एन, झेड, आर ही अक्षरं. अक्षरं साच्यातली, म्हणजे न्यूझीलंड रेल्वेज, देश मिळाला. मोझेइक हातचं आणि इतकं खर्चिक, तेव्हा लहान स्टेशन नाही. नाव सुचतं डनेडिन, जॉर्ज ट्रूपचं १९०६ चं स्टेशन. आता ते पाडायचा प्रयत्न करा. डनेडिन असेल तर बाहेर काळपट बेसॉल्ट आणि त्यात ओमारूचा पांढरा दगड दिसायला हवा. आतल्या रंगीत काचांत समोरून येणारं इंजिन हवं. त्याच फोटोच्या वरच्या कडेला दाराची चौकट आली असेल तर तिचा दगड बघा. पांढरा निघाला तर ठीक. साधी वीट निघाली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

माझा नियम असा आहे: हातचे दोन तपशील, एकमेकांशी संबंध नसलेले, जुळायला हवेत, आणि न जुळणारा एकही तपशील कारणाशिवाय सोडायचा नाही. ‘रंग बदलला असेल’ हे कारण चालतं, रंगकाम होत असतं. ‘खिडक्या तीनच्या चार झाल्या असतील’ हे नाही चालत.

दोन तपशील जुळले नाहीत तर जिथवर सिद्ध झालं तिथवरच लिहा. माझ्याकडे एका पाकिटावर ‘मिडलंड रेल्वे, सेटल-कार्लाइल मार्ग, लाल वालुकाश्म म्हणून ईडन खोरं, मध्यम माप’ असं लिहिलंय आणि खाली दोन नावं पेन्सिलीनं. आतल्या फोटोत खिडकीखाली एक दुरुस्त केलेला दगड आहे, शेजारच्यांपेक्षा बोटभर पुढे आलेला. त्या दोन स्टेशनांपैकी ज्याच्या भिंतीत तो सापडेल, त्याचं नाव शाईनं गिरवायचं आहे.